बॅसूनची भोकं चुकीच्या जागी का असतात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे, काही वर्षं क्लॅरिनेट वाजवते. मुंबईत एनसीपीएला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफलीत तिने बॅसून हे खर्जाचं लांब लाकडी फुंकवाद्य ऐकलं आणि आता तोच शिकायचा हट्ट धरलाय. तुम्ही वाचायला घेतलंत तेव्हा कळलं की फ्लूट आणि क्लॅरिनेट यांची एकोणिसाव्या शतकात पार फेररचना झाली, बॅसून मात्र ‘मागे राहिला’. त्यात भर म्हणजे त्याचे जर्मन आणि फ्रेंच असे दोन प्रकार. लंडनच्या एका नातेवाइकाकडे जुना फ्रेंच धाटणीचा बॅसून पडून आहे. तो आणावा का, आणि वाद्यच मागासलेलं असेल तर मुलीने त्यात वर्षं घालावीत का, हे तुम्हाला हवंय.

मी जर्मनीत वुडविंड वाद्यांच्या दुरुस्तीचं काम करते, बॅसून वाजवतेही. ‘आणावा का’ याचं उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे, त्याकडे शेवटी येते. ‘मागे राहिला का’ याचं उत्तर मात्र सरळ आहे: नाही. त्याला पुढे न्यायचे प्रयत्न झाले, हुशार लोकांनी केले, त्यातले काही तांत्रिकदृष्ट्या जमलेही. मग लोकांनी ते ऐकले आणि बाजूला ठेवले. बॅसूनचा सगळा इतिहास एकाच अडचणीभोवती फिरतो, म्हणून ती अडचण आधी नीट समजून घेऊ.

बॅसूनची नळी सरळ केली तर सुमारे अडीच मीटर भरते. तोंडाकडे तिचा व्यास जेमतेम 4 मिलिमीटर, बेलपाशी, म्हणजे दुसऱ्या उघड्या टोकापाशी, 4 सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे लांबलचक शंकू, आणि टोकाला दुहेरी रीड, म्हणजे एकमेकींवर बांधलेल्या दोन पात्या. तत्त्व आपल्या सनईचंच. खालचा शेवटचा स्वर बी फ्लॅट, साधारण 58 हर्ट्झ. आता हिशेब करा. एवढ्या खर्जात एका पूर्ण स्वराने वर जायचं तर नळी किती आखूड व्हायला हवी? उजव्या हाताच्या बोटांखाली येणाऱ्या स्वरांसाठी जवळजवळ 17-18 सेंटीमीटर, डाव्या हाताच्या स्वरांसाठी 13-14. शास्त्राप्रमाणे भोकं पाडली तर शेजारच्या दोन बोटांमध्ये एवढं अंतर हवं. माणसाची बोटं सुखाने चार-पाच सेंटीमीटर फाकतात.

सोळाव्या शतकातल्या कारागिरांनी यावर जी युक्ती काढली ती आजच्या बॅसूनमध्येही आहे. त्या काळच्या वाद्याला डल्शियन म्हणतात. इंग्लंडमध्ये त्याला कर्टल म्हणत, स्पेनमध्ये बाहोन. लाकडाचा एकच जाड ठोकळा, त्यात शेजारी-शेजारी दोन पोकळ्या, तळाशी जोडलेल्या. हवा एकीतून खाली उतरते, दुसरीतून वर येते. त्यामुळे उंची निम्मी झाली. पण बोटांचा प्रश्न तसाच होता. तो त्यांनी लाकडाच्या जाडीचा उपयोग करून सोडवला: भोकं सरळ न पाडता तिरपी पाडली. बाहेर बोटांखाली ती जवळजवळ असतात, आत पोकळीत उतरेपर्यंत एकमेकांपासून दूर गेलेली असतात. तरीही पुरेसं अंतर मिळत नाही. म्हणून ती अरुंद ठेवली, कारण भोक लहान केलं की स्वर उतरतो आणि ते जागेपेक्षा वर पाडलं तरी चालतं.

परिणाम असा की बॅसूनचं बोटाचं भोक म्हणजे भोक नसून एक छोटा, खोल, तिरपा बोगदाच असतो. विंग जॉइंट, म्हणजे डाव्या हाताच्या भोकांचा तुकडा, वर्कबेंचवर घेऊन त्यात बारीक ब्रश घातला की तो किती आत जातो हे पाहून नवखे शिकाऊ चकित होतात. क्लॅरिनेटच्या भोकात असं काही नसतं.

आणि आवाज इथेच घडतो. मोठं, उथळ भोक उघडलं की नळी जणू तिथेच संपते, वरचे हार्मॉनिक, म्हणजे मूळ स्वरासोबत निघणारे उंच उपस्वर, मोकळेपणी बाहेर पडतात, स्वर उजळ आणि खणखणीत येतो. अरुंद, खोल भोकाचं तसं नसतं. खालचे हार्मॉनिक तिथून सुटतात, वरच्यांना ते भोक नीट ‘दिसत’च नाही, ते नळीत पुढे सरकत राहतात. त्यामुळे आवाजावर एक प्रकारची साय धरते. साधारण 500 हर्ट्झच्या आसपास एक पट्टा कायम उठून दिसतो, स्वर कोणताही असो. माणसाच्या गळ्यातले स्वरवर्ण अशाच ठरावीक पट्ट्यांनी ओळखू येतात. बॅसून बोलल्यासारखा वाटतो म्हणतात ते यामुळे. तुमच्या मुलीला मैफलीत जे आवडलं असणार, ते बहुतेक हेच.

डल्शियनचा काळ लोक दोन ओळींत उरकतात, तो अन्याय आहे. मिखाएल प्रेटोरियस या जर्मन संगीतकाराने 1619 मध्ये या वाद्याचं अख्खं कुटुंब नोंदवलंय, उंच आवाजापासून खर्जापर्यंत. स्पेनच्या चर्चमध्ये गायकवृंदाच्या खर्जाला आधार म्हणून बाहोन शतकानुशतकं वाजला. बार्तोलोमे दे सेल्मा इ सालावेर्दे या स्पॅनिश वादकाचा संग्रह 1638 मध्ये व्हेनिसमध्ये छापला गेला, त्यातले या वाद्याचे एकल तुकडे आजही घाम काढतात. दोन चाव्यांच्या लाकडी ठोकळ्यावर माणसं असलं काही वाजवत होती.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ठोकळ्याचे चार तुकडे झाले: विंग, तळाचा बूट, लाँग जॉइंट आणि बेल. श्रेय बहुतेकदा फ्रेंच दरबाराशी जोडलेल्या ओत्तेतेर घराण्याला दिलं जातं. पुरावा तितका पक्का नाही आणि न्यूरेंबर्गचे डेनर वगैरे कारागीरही त्याच सुमारास डल्शियन आणि हा नवा बॅसून अशी दोन्ही वाद्यं करत होते, म्हणून मी एकच नाव घेणार नाही. आखूड तुकड्यात शंकूचं कोरीव काम अचूक करता येतं हा मोठा फायदा झाला. वाद्य लांबवून खालच्या ‘सी’वरून बी फ्लॅटपर्यंतही नेता आलं. भोकांची युक्ती मात्र तीच राहिली. विंग जॉइंटला तो पंखासारखा जाड फुगवटा असतो ना, तो तिरप्या भोकांना जागा मिळावी म्हणूनच असतो.

व्हिवाल्डीने या तीन-चार चाव्यांच्या वाद्यासाठी एकोणचाळीस कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचना, लिहिले, त्यातले दोन अपुरे राहिले. मोत्झार्टने 1774 मध्ये अठराव्या वर्षी आपला कॉन्चेर्तो लिहिला. काम चाललं होतं, पण कुरकुरत. काही स्वर भरदार, काही घशात अडकल्यासारखे. वादक ओठांनी आणि आडव्या-तिडव्या बोटांनी ते सांभाळून घेत. ऑर्केस्ट्रा मोठे झाले, संगीत दूरदूरच्या पट्ट्यांत फिरू लागलं, तसं हे सांभाळणं अवघड होत गेलं.

मग येतात कार्ल आल्मेनरेडर, नासाऊच्या ड्यूकच्या वाद्यवृंदातले बॅसूनवादक. ध्वनिशास्त्राचा अभ्यास असलेल्या गॉटफ्रीड वेबरच्या संगतीने त्यांनी वाद्याची चिकित्सा केली, 1823 मध्ये सुधारणांवर पुस्तिका काढली. उजव्या हाताकडची काही भोकं खाली सरकवली, मोठी केली, त्यांवर चाव्या बसवल्या. चाव्यांची संख्या पंधरा-सतरावर गेली, दुबळे स्वर धडधाकट झाले. 1831 मध्ये योहान आडाम हेकेल या एकोणीस वर्षांच्या कारागिराबरोबर त्यांनी ऱ्हाईनकाठी बीब्रिखला कारखाना काढला. तो आजही हेकेल याच नावाने चालू आहे.

इथे लोक गोष्ट संपवतात: आल्मेनरेडरने बॅसून सुधारला, हेकेलने तो जगभर नेला. मधली गंमत राहून जाते. सुरुवातीच्या सुधारित वाद्यांवर तक्रार आली की स्वर सारखे झाले खरे, पण आवाज राठ झाला, बॅसूनपण गेलं. पुढची काही दशकं हेकेल पिता-पुत्रांनी आल्मेनरेडरचा नीटपणा न सोडता जुना आवाज परत आणण्यात घालवली. पोकळीचा उतार थोडा बदल, भोक थोडं हलव, असं चाललं. मुलगा विल्हेल्म याने विंग जॉइंटला आतून एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं अस्तर लावायला सुरुवात केली. वादकाच्या श्वासातल्या ओलाव्याने लाकूड सडत असे, ते थांबलं. दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा शोध चाव्यांपेक्षा मोठा आहे. जाता जाता: रिचर्ड वॅग्नर 1862 मध्ये याच बीब्रिखला राहायला होता. त्याच्या नंतरच्या संगीतात बॅसूनला बी फ्लॅटच्याही खाली, ‘ए’पर्यंत जावं लागतं, आणि त्यासाठी हेकेलची लांब बेल तयार असते.

आता तुमच्या मुद्द्यावर. म्युनिकच्या थिओबाल्ड बोमने 1832 आणि 1847 मध्ये फ्लूटची जी फेररचना केली तिचं सूत्र असं: भोक शास्त्राला हवं तिथेच पाड, जमेल तेवढं मोठं पाड, बोट पोहोचत नसेल तर मधे यंत्रणा घाल. क्लॅरिनेटला पॅरिसमध्ये 1840 च्या आसपास या विचाराचा फायदा मिळाला. तुमची मुलगी ज्या रिंगा आणि चाव्या दाबते त्या तिथल्याच. मग बॅसूनच का सोडायचा? सोडला नाहीच. पॅरिसच्या फ्रेदेरिक त्रिएबेरने बोम पद्धतीचा बॅसून बनवला, तो 1855 च्या पॅरिस प्रदर्शनाच्या सुमारास पुढे आला. लंडनमध्ये कॉर्नेलियस वॉर्डने आपला बनवला. अडोल्फ साक्सने तर धातूचा काढला. महाग, जड, चाव्यांचं जंगल अशा अडचणी होत्याच, पण फ्लूटच्या बाबतीतही लोकांनी किंमत मोजली होती. खरी अडचण कानाला कळत होती. भोकं योग्य जागी आली, मोठी झाली, आणि सायीसारखा तो थर उडाला.

हा माझा तर्क नुसता कागदावरचा नाही. शंकूची नळी, दुहेरी रीड, योग्य जागी मोठी भोकं असं वाद्य खरोखर बनलं आणि विकलंही गेलं. त्याचं नाव सॅरुसोफोन, पॅरिसच्या गोत्रोने 1856 मध्ये पेटंट घेतलेलं, पूर्ण धातूचं. फ्रान्समध्ये बँडमध्ये आणि काही काळ ऑर्केस्ट्रातही कॉन्ट्राबॅसूनच्या, म्हणजे आणखी खर्जातल्या मोठ्या बॅसूनच्या, जागी ते वाजलं. आवाज खुल्या मैदानाला साजेसा आहे, राकट आहे, माझ्या मते मजेदारही आहे. पण डोळे मिटून ऐकलंत तर त्याला बॅसून कोणी म्हणणार नाही. संग्रहालयात वा ध्वनिमुद्रणात मिळालं तर मुलीला ऐकवा, माझी दोन पानं वाचतील.

थोडक्यात, फ्लूट आणि क्लॅरिनेटमध्ये भोकं दुरुस्त केल्यावर वाद्य वाद्यच राहिलं, उलट जास्त तेच झालं. बॅसूनमध्ये दोष आणि आवाज एकाच भोकातून येतात. म्हणून टिकले ते हेकेलसारखे, ज्यांनी निम्मी सुधारणा करून थांबायचं कुठे हे ओळखलं.

आणि फ्रेंच? तिथे सावारीसारख्या कारागिरांनी, नंतर बुफे क्राँपाँ आणि पॅरिस कॉन्झर्व्हेटॉरचे प्राध्यापक युजेन जाँकूर यांनी वेगळी वाट धरली: पोकळी आणि भोकं जुन्या वाद्याच्या जवळच ठेवायची, फक्त चाव्या वाढवायच्या. जाँकूरच्या नमुन्यात त्या बावीस झाल्या. फ्रेंच बॅसूनची पोकळी अरुंद, लाकूड बहुधा रोझवूड. जर्मन वाद्य मेपलचं. फ्रेंच आवाज गायकीचा, स्वरागणिक रंग बदलणारा, वरच्या टोकाला सहज चढणारा. 29 मे 1913 ला पॅरिसमध्ये स्ट्राविन्स्कीचं ‘वसंताचं अनुष्ठान’ सुरू झालं ते एकट्या बॅसूनच्या टोकाच्या उंच स्वराने, आणि ते फ्रेंच वाद्य होतं. जर्मन वाद्यावर आजही आम्ही त्या जागेसाठी वेगळी रीड, कधी वेगळं बोकलसुद्धा, म्हणजे रीड बसवायची धातूची वाकडी नळी, घेतो. उलट, फ्रेंच वाद्यात स्वर जागेवर राखायला वादकाला जास्त राबावं लागतं आणि मोठ्या ऑर्केस्ट्रात ते इतरांत तितकं मिसळत नाही.

यात कोणी कोणाला हरवलं असं मला वाटत नाही. निकाल ऑर्केस्ट्रांच्या व्यवहाराने लागला. इंग्लंडमध्येही आधी फ्रेंच पद्धत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स रिख्टर मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्राचा संचालक होता, तो व्हिएन्नाहून जर्मन बॅसूनवाले घेऊन आला. त्यांच्या पठडीत आर्ची कॅमडेन हा बॅसूनवादक तयार झाला आणि दोन-तीन दशकांत सगळा देश जर्मन वाद्याकडे वळला. लंडनच्या फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राचा सेसिल जेम्स मात्र कितीतरी वर्षं फ्रेंच बुफेच वाजवत राहिला. जुन्या ध्वनिमुद्रणांत तो ओळखू येतो. फ्रान्सही पुढे बराचसा जर्मन वाद्याकडे वळला, फ्रेंच पद्धत वाजवणारे आता थोडे उरलेत.

या अर्धवट सुधारणेची किंमत रोज भरावी लागते, तीही सांगायला हवी, नाहीतर मुलीची फसवणूक होईल. डाव्या अंगठ्याकडे आठ-दहा चाव्या येतात. क्लॅरिनेटवर हाच अंगठा एक भोक आणि एक चावी एवढंच बघतो. काही स्वरांना भोक अर्धंच झाकायचं, आणि अर्धं म्हणजे किती हे स्वराप्रमाणे बदलतं. काही स्वर सुरू होताना अंगठ्याने वरची एक चावी क्षणभर टिचकी मारल्यासारखी उघडावी लागते, नाहीतर स्वर फाटतो. खालचे स्वर अगदी हळू काढणं जिकिरीचं. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीत पहिल्या भागात बॅसूनला एका जागी सहा ‘पी’ लिहिलेत, म्हणजे ऐकू येईल न येईल इतकं हळू, आणि पुष्कळ संचालक ते चार स्वर गुपचूप बेस क्लॅरिनेटला देऊन टाकतात.

सुधारणेचा आणखी एक प्रयत्न मला मनापासून आवडतो. 1960 च्या दशकात जाइल्स ब्रिंडली या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने ‘लॉजिकल बॅसून’ केला. त्याने आवाजाशी भांडण घेतलंच नाही. वादकाने सोपी, तर्कशुद्ध बोटं दाबायची, कोणती भोकं उघडायची ते विजेवर चालणारं तर्कमंडल ठरवणार. हाच माणूस त्याच काळात अंधांना प्रकाशाचे ठिपके दिसावेत म्हणून मेंदूत इलेक्ट्रोड बसवत होता, यावरून डोक्याची कल्पना येईल. बाजारात ते वाद्य आलं नाही. दोनशे वर्षांत योग्य टोकाने सुरुवात केलेला तो एकमेव माणूस, असं माझं मत.

आता लंडनच्या त्या वाद्याचं. मुलीला शिकवणार कोण, हा पहिला प्रश्न. भारतात बॅसूनचे शिक्षक मोजके, ऑनलाइन शिक्षक धरलात तरी ते जवळजवळ नक्कीच जर्मन पद्धतीचे असतील. दोन्ही पद्धतींची बोटं वेगळी आहेत. फ्रेंच वाद्यावर बसलेल्या सवयी नंतर मोडायला त्रास होतो. फ्रेंच शिकवणारा कोणी खरंच मिळत असेल तरच त्याचा विचार करा.

दुसरं, हाताचा आवाका. तेराव्या वर्षी बहुतेक मुलांना पूर्ण आकाराचा बॅसून पेलतो, सगळ्यांना नाही. बोटं आखूड असतील तर काही जर्मन वाद्यांवर वरच्या भोकासाठी जोडचावी मिळते, आणि लहान मुलांसाठी छोटे, उंच पट्टीचे बॅसूनही असतात. मुंबई-पुण्याची हवा लक्षात घेता शिकाऊ वाद्य म्हणून मी लाकडाआधी पॉलिप्रोपिलीनच्या वाद्याकडे बघेन. अमेरिकेतली फॉक्स कंपनी ती बनवते. पावसाळ्यात त्यांचे जोड फुगत नाहीत.

तिसरं, आणि सगळ्यात जास्त फसवणारं: इंग्लंडमधल्या जुन्या वाद्यांची पट्टी. तिथे, विशेषतः लष्करी बँडमध्ये, विसाव्या शतकात बऱ्याच आतपर्यंत ‘ए’, म्हणजे सगळी वाद्यं जुळवायचा स्वर, 452 हर्ट्झच्या आसपास लावत. आजचा 440. फरक जवळजवळ पाव स्वराचा. लांब बोकल लावून तो भरून निघत नाही, कारण त्याने वरचे स्वर जास्त उतरतात, खालचे कमी, आणि वाद्याचा आपापसातला सूर बिघडतो. असं वाद्य दिसायला सुंदर, किमतीला स्वस्त आणि कोणाबरोबर वाजवायला निरुपयोगी असतं.

तेव्हा पैसे किंवा विमानाचं सामान ठरवण्याआधी नातेवाइकाला एवढं करायला सांगा. जवळच्या एखाद्या बॅसूनवादकाकडून, त्याच्या रीडवर, पण वाद्याच्या स्वतःच्या बोकलवर, ट्यूनर समोर ठेवून मधला एफ आणि त्याखालचे चार-पाच स्वर वाजवून घ्या. सगळेच पाव स्वर चढे निघाले तर विषय संपला. सूर ठीक निघाला तर बूट जॉइंट उजेडाकडे धरून दोन्ही पोकळ्यांत टॉर्च मारायचा. लाकूड काळं, मऊ किंवा तंतू सुटलेलं दिसलं तर दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त होईल. तळाची टोपी त्याने स्वतः उघडू नये. फोटो काढले तर कारखान्याचा शिक्का, चाव्यांची मागची बाजू आणि बोकलवरचा आकडा दिसतील असे काढायला सांगा आणि मला पाठवा.